चढावर बंद पडणारी फटफटी

फटफटी बंद पडली की माणूस आधी किक मारतो, मग शिव्या देतो आणि दोन्ही उपाय थकले की मिस्त्रीकडे येतो. म्हणजे मिस्त्रीच्या हाती गाडी येते तेव्हा तिच्यावर निम्मे उपचार होऊन गेलेले असतात. कुणी पान्याने ठोकलेलं असतं, कुणी नको तो स्क्रू पिळून ठेवलेला असतो, कुणी लिंबू उतरवून टाकलेलं असतं. या तिघांत मला लिंबूवाला आवडायचा. त्याने निदान काही मोडलेलं नसायचं.

संपादक म्हणाले, तुमच्या हाताखालून गेलेल्या गाड्यांबद्दल दिवाळी अंकात लिहा. गाड्या शेकड्यांनी गेल्या. ट्रकच जास्त. पण ट्रकबद्दल लिहायचं तर स्प्रिंगपाट्यांशिवाय काही आठवत नाही. आठवते ती एक हलकी, लहानशी फटफटी.

मी मूळचा चांद्याचा. आता चंद्रपूर म्हणतात आणि गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. मी सांगतो आहे त्या पन्नास सालानंतरच्या दिवसांत चिमूरपासून सिरोंच्यापर्यंत सगळा एकच चांदा जिल्हा होता. लढाईच्या काळात एका फौजी वर्कशॉपात मी पाना धरायला शिकलो. लढाई संपल्यावर आलापल्लीला एका लाकडाच्या ठेकेदाराच्या गॅरेजात लागलो. सागवानाचे ओंडके वाहणारे ट्रक दुरुस्त करायचे, हे काम. त्याच सुमारास लढाईतल्या शिल्लक गाड्या लिलावात निघाल्या आणि त्यांतल्या काही लहान फटफट्या आमच्या जंगलात येऊन पोचल्या. फौजेने या गाड्या विमानातून खाली सोडण्यासाठी म्हणून हलक्या बनवून घेतल्या होत्या. दोन माणसं उचलून नाल्यापार नेऊ शकत. बैलबंडीच्या चाकोरीतून, पायवाटेवरून, धानाच्या बांधावरूनसुद्धा जात. आमच्याकडे रस्ते नव्हतेच, म्हणून हीच गाडी खरी.

तिची पेट्रोलची व्यवस्था अगदी साधी. टाकी वर, इंजिन खाली. पंप नाही, काही नाही. पाटाचं पाणी शेतात उतरावं तसं पेट्रोल स्वतःच्याच वजनाने नळीतून खाली येतं. वाटेत एक कॉक आणि एक बारीक जाळी. तिथून ते कारबेटरच्या वाटीत पडतं. वाटीत एक पोकळ पितळी डबी तरंगत असते. वाटी भरली की डबी वर येते आणि सुईने पेट्रोलची वाट बंद करते, रिकामी झाली की खाली बसते आणि वाट उघडते. वाटीतलं पेट्रोल जेट नावाच्या एका बारीक छिद्रातून फवारा होऊन हवेत मिसळतं आणि इंजिनात जातं. झालं. या रस्त्यावर कुठेतरी अडथळा आला की गाडी बंद. अडथळा कुठे हे हुडकायचं, एवढंच मिस्त्रीचं काम.

पण जंगलात अडथळ्यांना तोटा नव्हता. पेट्रोल ड्रममधून यायचं, ड्रममधून पिंपात, पिंपातून डब्यात. प्रत्येक पायरीवर त्यात काहीतरी पडायचं. गंज, पाणी, धानाचा कोंडा, मुंग्या. मी जुन्या फेल्टच्या टोपीतून गाळून घ्यायचो. लोक धोतराच्या सोग्यातून गाळायचे आणि मग त्याच सोग्याचे धागे जेटमध्ये सापडायचे.

तेंदूपत्त्याच्या एका ठेकेदाराचे दिवाणजी होते. त्यांच्याकडे असलीच एक गाडी. थंडीच्या दिवसांत ते ती बंडीत घालून घेऊन आले. म्हणाले, "मिस्त्रीभाऊ, दुपारी घोड्यासारखी पळते. सकाळी मेल्यासारखी पडते. काऊन?"

मी वाटी उघडली. आत पिवळसर, तुपासारखं काहीतरी थिजलेलं. बोटाला लावून वास घेतला. टोरीचं तेल! मोहाच्या फळातल्या बीचं तेल. आमच्याकडे स्वयंपाकात, दिव्यात सगळीकडे हेच.

"दिवाणजी, भजी तळून राह्यले का याच्यात?"

ते ओशाळले. या गाडीत पेट्रोलमध्येच थोडं इंजिनचं तेल मिसळावं लागतं. ते तेल संपलं होतं. "म्हटलं, तेल ते तेल. त्याले का समजते?"

"त्याले समजते, दिवाणजी. वाटीतलं पेट्रोल रातभर उडून जाते, तेल मागं राहाते, अन् थंडीत थिजून बसते."

"हां! म्हणूनच मी सकाळी खालून थोडी शेकोटी करतो. मंग चालू होते."

पेट्रोलच्या टाकीखाली शेकोटी! मी त्यांच्याकडे नुसता पाहत राहिलो. त्यांच्या भुवयासुद्धा शाबूत होत्या.

दिवाणजींकडून मी एक गोष्ट मात्र शिकलो. गाडी बंद कशी पडली हे सगळे तिखटमीठ लावून सांगतात. ती परत चालू कशी झाली, हे मुद्दाम विचारावं लागतं. रोगाचा पत्ता बहुतेक वेळा तिथेच असतो.

आता त्या फटफटीबद्दल.

अहेरीच्या अलीकडे, जंगलाच्या कडेला महारोग्यांची एक वसाहत होती. आता कुष्ठरोग म्हणतात. तेव्हा महारोग म्हणायचे आणि म्हणताना आवाज खाली करायचे. तिथे एक वयस्कर डॉक्टर होते आणि राजम्माबाई नावाच्या नर्स होत्या. बाई सिरोंच्याकडच्या, तेलुगू बोलणाऱ्या. वय तिशीच्या पुढे. पूर्वी या रोगावर कडू तेलाची इंजेक्शनं द्यायचे. ती इतकी दुखायची की रोगी पळून जायचे. नुकत्याच गोळ्या निघाल्या होत्या. गोळ्या नेमाने घेतल्या तर रोग आटोक्यात यायचा, पण त्या गावोगाव पोचवणार कोण? वसाहतीत अशीच एक लिलावातली फटफटी आली होती. डॉक्टरांना ती झेपेना. कंपाउंडर एकदा पडला तो परत बसेना. मग बाई बसल्या. लुगड्याचा कासोटा घट्ट मारायचा, डोक्याला फडकं बांधायचं, औषधाची पिशवी टाकीवर आवळायची आणि निघायचं. टेकडीपलीकडच्या माडिया गोंडांच्या गावांत पहिल्यांदा लोक पळाले म्हणतात. नंतर फटफटीचा आवाज ऐकून वाटेवर येऊन उभे राहू लागले.

मी ती गाडी अधूनमधून बघून द्यायचो. कधी तक्रार नव्हती. एका वर्षी पावसाळा संपल्यानंतर मात्र ती बंद पडायला लागली. आणि रोज नाही, वाटेल तिथेही नाही. वसाहतीपासून निघाली की नीट चालायची, टेकडीचा लांब चढ लागला की धापा टाकायची आणि मध्येच मरायची.

पहिल्यांदा बाई गाडी घेऊन आल्या तेव्हा मी दिवाणजींकडून शिकलेला प्रश्न विचारला. "मंग परत चालू कशी होते, बाई?"

"प्लग काढते. पुसते. लावते. किक मारली की चालू." बाईंचं मराठी नीट होतं, फक्त वाक्यं तुटक यायची.

"दर वेळी?"

"दर वेळी."

उत्तर मिळालं असं मला वाटलं. नवा प्लग लावून दिला. गाडी पुन्हा चढावर बंद पडली. मग मी कारबेटर सगळा खोलला, जेट फुंकला, वाटी धुतली, डबीत पेट्रोल शिरलं नाही ना हे कानाशी हलवून पाहिलं. टाकी रिकामी करून खडे घालून आतला गंज खरवडला. जाळी नवी केली. टाकीच्या झाकणाला एक सुईएवढं छिद्र असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी वरून हवा आत यायला हवी, म्हणून. तेसुद्धा तार घालून साफ केलं. आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर मी स्वतः गाडी घेऊन त्या चढावर जाऊन आलो. वर, खाली, पुन्हा वर. एकदाही बंद पडली नाही.

बाईंच्या हातात गेली की बंद.

आमच्या गॅरेजातला मुनशी पान चघळत म्हणाला, "काऊन डोस्कं फोडून राह्यला? बाईमाणसाचा हात हाय तो. गाडी घोडीवानी असते, तिले समजते."

मी जेट पुन्हा एकदा फुंकायला घेतला. खरं सांगायचं तर एकदोनदा माझ्याही मनात आलं होतं की बाई चढावर कॉक नीट उघडत नसतील. बाईंना ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. त्यांनी माझ्यासमोर टाकी, कॉक, गिअर, सगळं हात लावून दाखवलं. मग गाडी घेऊन गेल्या.

त्यानंतरच्या फेरीला गाडी बंद पडली ती बोरीच्या झुडपांपाशी. बोरं पिकली होती आणि झुडपात अस्वल होतं. वाघ माणसाला टाळतो, अस्वल टाळत नाही. ते अंगावर यायच्या तयारीत उभं राहिलं. बाईंनी गाडी आडवी धरली आणि रबरी भोंगा दाबत राहिल्या. अस्वलाला तो आवाज आवडला नसावा. ते गेलं. बाई पुढच्या गावात जाऊन गोळ्या देऊनच परतल्या आणि झालं ते डॉक्टरांना सांगून बसल्या.

डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. ते पुण्याकडचे, हळू बोलणारे. व्हरांड्यात बसले होते. बाई खांबाला टेकून उभ्या होत्या.

"मिस्त्री," ते म्हणाले, "ही गाडी पुन्हा बंद पडणार नाही असा शब्द द्या. देता येत नसेल तर ती मी शेडमध्ये ठेवून कुलूप लावतो. माझ्याकडे एकच नर्स आहे."

"मंग गोळ्या?" बाई म्हणाल्या.

"कंपाउंडर बैलबंडीने जाईल."

"बंडी जाते महिन्यातून एकदा. चढाच्या अलीकडे. पलीकडे नाही. आणि बायका त्याला चट्टे दाखवणार? अंगावरचे?" बाईंचा आवाज चढला. "गोळी मध्ये थांबली की रोग परत येतो, तुम्हीच सांगितलं."

डॉक्टरांनाही ते माहीत होतं. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, हा माणूस कुलूप लावेल आणि मग त्याला झोप येणार नाही.

शब्द देणं सोपं होतं. बाई माझ्याकडे बघत होत्या. पण इंजिनाला आपला शब्द माहीत नसतो. मी म्हणालो, "साहेब, शब्द नाही देत. मले काय झालं तेच माहीत नाई. एक फेरी मले बाईंच्या मागं बसून जाऊ द्या. गाडी बाई चालवतील, सामान रोजचंच. मी फक्त पाहीन."

डॉक्टर हो म्हणाले.

तर असा मी, एक बऱ्यापैकी जाडजूड मिस्त्री, मागच्या कॅरिअरवर पोत्याची घडी घालून एका बाईमाणसाच्या मागे बसून निघालो. वाटेतल्या गावात लोकांनी बंड्या थांबवून पाहिलं. एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "पाहा, बाईनं मिस्त्रीले पकडून नेलं!" चढ लागल्यावर मी उतरून मागून पळायचं असं ठरलं होतं. मी उतरलो. अर्ध्या चढावर गाडी धापा टाकू लागली. आवाज पातळ झाला आणि ती थांबली.

माझा जीव भांड्यात पडला. पहिल्यांदा ती माझ्यासमोर मेली होती.

बाईंचा हात सवयीने पिशवीकडे गेला. मी ओरडलो, "बाई, कशालेच हात लावू नका!"

त्या दचकून बाजूला झाल्या. मी वाकून कारबेटरपाशी नळी सोडवली. कॉक उघडा होता. पेट्रोल धारेने यायला हवं होतं. एक थेंब आला, दुसरा नळीच्या तोंडाशी लोंबत राहिला. निघताना टाकी मीच गच्च भरली होती, मग पेट्रोल उतरत का नाही? कॉक चालू-बंद केला. तेच. जाळी नवी होती. मी नळी हातात धरून उकिडवा बसलो आणि खरोखर काही सुचेना.

"पाणी पिता का, मिस्त्री?" बाई म्हणाल्या. "घामेजलात." पाण्याची बाटली पिशवीच्या कप्प्यात होती. त्यांनी पिशवीचा पट्टा सोडला आणि पिशवी टाकीवरून उचलली.

टाकीने श्वास घेतला. फुस्स, असा आवाज आला, दोघांनाही ऐकू येईल एवढा. आणि माझ्या हातातल्या नळीतून पेट्रोल भळाभळा बोटांवरून वाहायला लागलं.

मी कॉक बंद करायचंही विसरलो. बाई पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. कळलं आधी त्यांना.

"झुरूची पिशवी," त्या म्हणाल्या. "अय्यो, झुरूची पिशवी!"

पिशवी नवी होती. आधीची कॅनव्हासची पावसाळ्यात भिजायची आणि गोळ्यांचा लगदा व्हायचा. म्हणून वसाहतीतल्या झुरू नावाच्या माणसाने मेणकापडाची पिशवी शिवून दिली होती. ती टाकीवर आवळली की मेणकापड झाकणाच्या छिद्रावर चपखल बसायचं. हवा आत जायची बंद. थोडा वेळ पेट्रोल उतरायचं, मग नेमकं चढावर, गाडीला पेट्रोल जास्त लागतं तेव्हा, आतली ओढ एवढी वाढायची की थेंब पडेना. गाडी बंद पडली की बाई प्लगचा पाना काढायला पिशवी उचलायच्या, हवा आत जायची, प्लग पुसून होईतो वाटी भरायची आणि गाडी चालू. मी चाचणीला जायचो तेव्हा पिशवी नसायचीच. मी छिद्र साफ करत बसलो होतो आणि छिद्रावर झाकणी होती.

आम्ही दोघं तिथे चढावर बसून हसलो. बाईंचं हसू मध्येच थांबलं. म्हणाल्या, "मिस्त्री, झुरूला सांगू नका."

झुरू त्याच टेकडीपलीकडच्या गावचा माडिया होता. रोग बोटांत उतरल्यावर गावाने त्याला बाहेर काढलं आणि तो वसाहतीत आला. दोन्ही हातांची बोटं आखडलेली आणि हातांना स्पर्श समजत नव्हता. सुई टोचली तरी कळायचं नाही. तरी हा माणूस शिवण शिकला. तळव्याला चामडं बांधून त्याने आरी धरायची आणि डोळ्यांनी बघत बघत टाका घालायचा. त्या पिशवीवर त्याने किती दिवस घातले होते ते वसाहतीला माहीत होतं. ती पिशवी जिथे जाते तिथे तो स्वतः जाऊ शकत नव्हता.

डॉक्टरांना मात्र आम्ही सगळं सांगितलं. मी टाकी, हवा, ओढ असं समजावू लागलो तर त्यांनी हात वर केला. "अहो, सलाईनच्या बाटलीला वरून हवेची सुई खुपसली नाही तर एक थेंब पडत नाही. रोज बघतो मी. आणि गाडीबाबत सुचलं नाही!" ते स्वतःवर इतके खूश आणि इतके नाराज एकदम झाले की कुलपाची गोष्ट तिथेच राहिली.

मी टाकीवर बसवायला सागवानाच्या दोन चिपा तासल्या, पिशवी झाकणापासून वर उचललेली राहावी म्हणून. वसाहतीत त्या बसवत होतो तेव्हा झुरू येऊन बसला. लांबच बसला. अंतर ठेवून बसायची त्याला सवय होती.

"लाकूड काऊन लावून राह्यला, मिस्त्री?"

मी ठरवून आलो होतो. म्हणालो, "टाकी गरम होते ना बाप्पा. गोळ्या खराब होतात."

तो थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "माह्या हाताले गरम-थंड समजत नाई. पण पेट्रोलची टाकी गरम झाली, तं गाडी पेटल ना?"

मी पान्याकडे बघत राहिलो. एवढं साधं खोटं मला धड बोलता आलं नव्हतं. मग खरं काय ते सांगितलं. झाकण काढून छिद्र दाखवलं. त्यावर बोट ठेवून दाखवलं. तो जवळ सरकला आणि वाकून बघू लागला.

"पिशवी गाडीचं नाक दाबते," तो म्हणाला.

"इंगो," मी म्हणालो. माडियातला 'हो' एवढा एकच शब्द मला येत होता.

त्याला वाईट वाटेल म्हणून आम्ही सगळे जपत होतो. त्याला वाईट वाटलंच नाही असं नाही. त्याने पिशवीवरचे आपले टाके एकदा बघून घेतले. मग दोरीचा तुकडा मागितला, झाकणाचं माप घेतलं आणि पिशवी उचलून चालू लागला. पुढच्या खेपेला पाहिलं तर पिशवीला झाकणाच्या जागी आरपार नीट गोल भोक होतं, आणि त्याच्या कडेने दोन्ही पदर जोडणारे, सदऱ्याच्या काजासारखे दाट टाके. माझ्या चिपा काढून त्याने बाजूला ठेवल्या होत्या.

पिशवी परत देताना त्याने बाईंकडे एक गोष्ट मागितली. मागे बसून आपल्या गावापर्यंत जायचं होतं. बाईंनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, "त्याचा रोग केव्हाच थांबला आहे. त्याच्यापासून कुणाला काही होणार नाही. पण गावाचं काय? त्याच्यावर माझ्याकडे औषध नाही."

बाई त्याला घेऊन गेल्या. पुढचं मी बाईंकडून ऐकलं. तो गावाच्या शिवेवरच उतरला, एका मोहाच्या झाडाखाली बसला. म्हातारी आई आली, लांब उभी राहून रडली, रागावली, परत गेली, टोपलीत काहीतरी खायला घेऊन आली आणि टोपली जमिनीवर ठेवून मागे सरकली. बाकी कुणी आलं नाही. बाईंना वाटलं, आता हा येणार नाही. पुढच्या फेरीला तो सुई-दोरा आणि आरी घेऊन कॅरिअरवर बसायला तयार होता.

मग बाई गोळ्या द्यायच्या आणि झुरू झाडाखाली फडकं पसरून बसायचा. शिवून घ्या म्हणून कुणाला म्हणायचा नाही. एकदा एका म्हाताऱ्याने फाटकी घोंगडी लांबून फडक्यावर टाकली. झुरूने ती शिवून तिथेच ठेवली आणि स्वतः बाजूला झाला. म्हातारा घेऊन गेला. मग पोती आली, चोळ्या आल्या, कुणाची तुटकी चप्पल आली. गोळ्यांना न येणाऱ्या बाया शिवणाला यायला लागल्या. बाई कुरकुरत सांगायच्या, "माझ्याकडे कुणी येत नाही, त्याच्याकडे रांग!" पण त्या रांगेतच त्यांना कुणाच्या पाठीवरचा, कुणाच्या कानाच्या पाळीवरचा चट्टा दिसायचा, आणि दोन पोरी तर त्यांना अशा वेळेत सापडल्या की बोटं वाकायच्या आधी गोळ्या सुरू झाल्या.

पुढे वसाहतीला जीप मिळाली. फटफटी कुणी नेली मला माहीत नाही, विचारायला हवं होतं. डॉक्टर थकून पुण्याकडे गेले आणि तिकडेच वारले. बाई सिरोंच्याला गेल्या, त्यांची गाठ पुन्हा पडली नाही. मीही ट्रकच्या मागे चांद्याला परतलो.

पण जायच्या आधी एकदा उन्हाळ्यात ओंडके आणायला ट्रक त्या बाजूला गेला तेव्हा मी मुद्दाम वाट वाकडी करून त्या गावी उतरलो. बाई एका दगडावर बसून गोळ्या मोजत होत्या. झुरू मोहाखाली, समोर फडकं. एक तरणी बाई आली. तिच्या एका काखेला लेकरू, दुसऱ्या हातात फाटका कुडता. ती कुडता फडक्यावर ठेवायला वाकू लागली तसं लेकरू घसरलं, तिने त्याला सावरलं, पुन्हा वाकली, ते पुन्हा घसरलं. तेव्हा ती वैतागली आणि कुडता तिने सरळ त्याच्यापुढे धरला.

झुरू हलला नाही. त्याने फडक्याकडे पाहिलं.

"घे ना गा," ती म्हणाली. "हात दुखून राह्यला माहा."

त्याने दोन्ही हात पुढे केले आणि कुडता तिच्या हातातून घेतला.

बाईंचं गोळ्या मोजणं थांबलं होतं. थोड्या वेळाने त्यांनी सगळ्या गोळ्या परत पुडीत टाकल्या आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.